एक बरोबर, दोन बरोबर

ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या इंगळ्यांच्या घरात डोळ्यांचा विषय कुणी काढत नसे. विश्वासराव इंगळ्यांची मोठी बहीण सुलोचनाबाई ऐन तारुण्यात आंधळी झाली आणि उरलेलं सगळं आयुष्य तिनं याच घराच्या मागच्या खोलीत शेंगा सोलत, तांदूळ निवडत काढलं. तांदळातला खडा तिच्या बोटांना कधी चुकला नाही. ती गेली तेव्हा विश्वासरावांची मुलगी मंजिरी शाळेत होती. आत्याचं काय झालं होतं, तिचे डोळे का गेले, हे मंजिरीनं एकदा आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "असतो एकेकाचा भोग," आणि पोळ्या लाटायला बसली.

पुढे मंजिरीनं संगणकाचं शिक्षण घेतलं, पहिल्या वर्गात पास झाली, आणि देवासहून तिला स्थळ आलं. घराणं आपल्यातलंच, मुलगा बँकेत. बघणं झालं, पसंती झाली. साखरपुडा ठरवायला मुलाकडची माणसं घरी आली, आणि चहा होता होता विश्वासराव म्हणाले, "एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. माझ्या बहिणीचे डोळे गेले होते. आजार घराण्यातला आहे, असं डॉक्टर म्हणाले होते."

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. सांगितलंत हे बरं केलंत, म्हणाले. पाहुणे गेले, आणि देवासहून पुन्हा फोन आला नाही.

मंजिरी वडिलांशी भांडली नाही. भांडली असती तर कदाचित बरं झालं असतं. ती नुसती कमी बोलायला लागली. जेवायला या, दूधवाला आलाय, दादाचा फोन होता, एवढंच. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ संग्रामसिंह, तो नोकरीमुळे इंदूरला स्थायिक झाला होता. मग आई गेली आणि घरात दोघंच उरली. विशेष सशस्त्र दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले विश्वासराव, आणि शहराबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवणारी मंजिरी.

शिकवण्यात मात्र तिचा जीव होता. दरवर्षी जुलैत नवी मुलं येत. मुरैना, भिंड, डबरा इथली, बरीचशी घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. त्यांच्यासमोर ती फळ्यावर एवढंच लिहायची: x = x + 1. आणि विचारायची, "बताओ, ये सही है या गलत?"

गणितात हुशार असलेली मुलं हात वर करून सांगायची, "गलत, मॅम. कोई संख्या खुद से एक ज़्यादा कैसे होगी?"

"गणित में गलत है," ती म्हणायची. "यहाँ नहीं."

मग ती समजावून द्यायची. इथे हे चिन्ह दोन्ही बाजू सारख्या आहेत असं सांगत नाही. इथे ते हुकूम देतं. आधी उजवीकडे बघायचं. एक्स नावाच्या डब्यात आत्ता जे आहे ते घ्यायचं, समजा पाच. त्यात एक मिळवायचा, सहा झाले. मग डावीकडे ज्या डब्याचं नाव आहे त्यात ते सहा ठेवायचे. डबा तोच, आतलं बदललं. आणि दोन गोष्टी खरंच सारख्या आहेत का हे विचारायचं असेल, तर तेच चिन्ह दोनदा काढायचं, शेजारी शेजारी. "एक हो तो हुक्म, दो हों तो सवाल," असं ती म्हणायची, आणि मुलं ते परीक्षेपर्यंत विसरत नसत.

पहिल्यांदा तिला शंका आली ती संध्याकाळची. कॉलेजातून यायला उशीर झाला की सवारीच्या टेम्पोतून उतरल्यावर गल्लीतली पायरी दिसायची नाही. मग बाजूनं येणारी माणसं अंगावर आल्यावरच दिसायला लागली. दिल्लीला एका सेमिनारला म्हणून ती गेली आणि तिथे डोळे तपासून आली. डॉक्टरांनी पडद्याचा आजार सांगितला. आधी कडा जातील, हळूहळू मधलंही जाईल, किती वर्षांत ते सांगता येणार नाही, औषध नाही. येताना तिनं मुरैना स्टेशनवरून तिळगुळाचा गजक आणला आणि सेमिनार चांगला झाला म्हणून सांगितलं.

करोनाची टाळेबंदी आली तेव्हा सगळं जग घाबरलेलं होतं, पण मंजिरीला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. रस्ता नाही, जिना नाही. शिकवणं लॅपटॉपवर. अक्षरं हवी तेवढी मोठी करता यायची. काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, एका वेळी चारच शब्द मावतील एवढी. मुलांना काही कळायचं नाही. त्या काळात तिनं जेवढं चांगलं शिकवलं तेवढं आधी कधी शिकवलं नव्हतं, असं तिला स्वतःलाच वाटायचं.

मग कॉलेज पुन्हा उघडलं, आणि फळा पुन्हा समोर आला.

हर्षिता तोमर नावाची एक मुलगी होती वर्गात. हजीऱ्याहून यायची, वडिलांची पिठाची गिरणी. अबोल, पण कामाची पक्की. एके दिवशी मंजिरीनं तिला फळ्यावर बोलावलं आणि गुण नेमके तेहतीस असतील तर 'पास' छापायचं, अशी अट लिहायला सांगितली. हर्षितानं लिहिलं आणि बाजूला झाली.

खिडकीतून ऊन फळ्यावर पडलेलं. मंजिरीला दोन लांबट पांढऱ्या रेघा दिसल्या, एकीखाली एक.

"हर्षिता, महीने भर से क्या सिखा रही हूँ मैं? एक ही चिन्ह लगाया है. तुमने पूछा नहीं, तुमने तेहतीस रख दिया. अब जो भी बच्चा आएगा, पास."

हर्षिता हळू आवाजात म्हणाली, "मॅम, दो ही हैं."

"कहाँ दो हैं?"

मागून कुणीतरी हसलं. मॅडम गंमत करताहेत असं मुलांना वाटलं. मंजिरी फळ्याजवळ गेली, अगदी जवळ, आणि तरीही तिला ती एकच लांब जोडी दिसत राहिली. तिनं बोट लावलं. दोन चिन्हांच्या मधली जागा बोटाला लागावी म्हणून ती खडूवरून बोट फिरवत गेली, आणि जे लिहिलं होतं ते तिच्याच बोटानं पुसलं गेलं. मग वर्गात कुणी हसलं नाही.

"हाँ, दो थे," ती म्हणाली. "सॉरी, बेटा. बैठ जाओ."

बातमी प्राचार्यांपर्यंत जायला वेळ लागला नाही. त्यांनी बोलावलं, आदरानं बसवलं, डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला मागितला. दाखला आणल्यावर म्हणाले, मुलांच्या पालकांना उत्तर द्यावं लागतं, तुम्ही सध्या प्रवेशाच्या खिडकीवर बसा. खिडकीवर तर दिवसभर कागदच वाचायचे होते. शेजारचा कारकून दर अर्जाला म्हणायचा, "लाइए मॅडम, मैं देख लेता हूँ," आणि ती हात मांडीवर ठेवून बसायची. हर्षिता एकदा खिडकीशी येऊन म्हणाली, "मॅम, आप लड़िए. कानून है." मंजिरी हसली. लढायला समोर कुणीतरी वाईट माणूस असावा लागतो, असं तिला वाटलं. इथे सगळेच चांगले वागत होते. पावसाळा संपता संपता तिनं राजीनामा दिला.

त्या दिवशी ती ई-रिक्षानं दुपारीच घरी आली. विश्वासराव अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"आज लवकर?"

ती त्यांच्यासमोरच्या पायरीवर बसली. "आबा, नोकरी सोडून आले. मला दिसत नाही."

विश्वासरावांनी पेपरची घडी घातली. नीट, चार वेळा. मग विचारलं, "कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कुणाला तरी सांगितलं असतं."

विश्वासराव उठून आत गेले, आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळानं ते दोन कप चहा घेऊन बाहेर आले. चहात साखर घालायला विसरले होते. दोघांनी तो तसाच प्यायला.

पुढचं वर्ष मंजिरीनं कसं काढलं ते तिलाही नीट सांगता येणार नाही. ती उठायची, आंघोळ करायची आणि पुन्हा पडायची. संग्रामसिंह येऊन गेला. म्हणाला, "मंजू, इंदूरला चल. तुझी वहिनी आहे, मुलं आहेत. इथे आबांचंच वय झालंय, कोण कुणाला बघणार?" ती म्हणाली, बघू. मागची खोली, जिथे आत्या असायची, तिथे तिनं त्या वर्षात एकदाही पाऊल टाकलं नाही.

हर्षिता अधूनमधून यायची. दुसऱ्या वर्षाला होती. एकदा ती मंजिरीच्या लॅपटॉपवर पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घालूनच गेली. "मॅम, मुफ़्त का है. सब ब्लाइंड लोग यही चलाते हैं." तो शब्द घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. मुलीच्या ते लक्षात आलं. मंजिरी म्हणाली, "ठीक है. दिखाओ कैसे चलता है."

ती गेल्यावर मंजिरीनं आपला एक जुना प्रोग्राम उघडला. यंत्रातली बाई धडाधड वाचायला लागली. पण ती शब्द वाचायची आणि चिन्हं गिळायची. 'एक्स सेव्हन'. एक्समध्ये सात ठेवले, की एक्स सात आहे का असं विचारलं, की एक्समधून सात वजा केले? अधिक नाही, उणे नाही, बरोबर नाही. मंजिरीनं तीच ओळ पुन्हा ऐकली, पुन्हा ऐकली, आणि मग लॅपटॉप आपटून मिटला. तिला रडू आलं. नोकरी गेली तेव्हाही ती रडली नव्हती.

विश्वासराव दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"आण इकडे," ते म्हणाले. "मी वाचतो."

"आबा, ते इंग्रजी असतं."

"दलाच्या कोठारात पेट्यांवरची इंग्रजी मीच वाचत होतो. बूट, कांबळी, सगळ्यांची." ते बाजेवर बसले, चष्मा लावला, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन शाळेतल्या पोरासारखे एकेक अक्षर वाचू लागले. "आय. एन. टी. मग जागा सोडलीय. एक्स. बरोबर. सात. मग टिंब आहे, टिंबाखाली स्वल्पविराम."

"बरोबर एक आहे का दोन?"

"एक."

"मग एक्समध्ये सात ठेवले," मंजिरी म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. "पुढे."

असं ते सुरू झालं. दुपारी चहा झाला की वाचायला बसायचं. हर्षिता आपले प्रोग्राम तपासायला पाठवायची, तिच्या मैत्रिणीही पाठवायला लागल्या. विश्वासरावांना पेट्यांवरची मोठी लिपी येत होती, छोटी अक्षरं येत नव्हती. बी आणि डी यांत ते कायम घोटाळा करत. मग एक पोट पुढे आलेला आणि एक पाठीला कुबड असलेला, असं काहीतरी त्यांनी स्वतःच ठरवलं आणि ती अडचण मिटवली. चिन्हांना त्यांनी आपली नावं दिली. एक बरोबर, दोन बरोबर. बरोबरच्या आधी उद्गारचिन्ह आलं की 'बरोबर नाही'. सुरुवातीला दोन अधिक शेजारी आले तेव्हा म्हणाले, "इथे छापणाऱ्यानं चूक केलीय."

"चूक नाही, आबा. असलेल्यात एक वाढवायचा. थोडक्यात लिहिलंय."

ते नुसतं वाचून थांबणारे नव्हते. त्यांना समजून घ्यायचं असे. एकदा वाचलं, "सात, तिरकी रेघ, दोन," आणि थांबले. "हा भागाकार ना? साडेतीन."

"तीन."

"तीन कसे? सात पोळ्या, माणसं दोन. तीन-तीन दिल्या, एक उरली. तिची अर्धी-अर्धी करायची."

"हिला अर्धी करता येत नाही. आपण पूर्ण आकडे दिले की ती उत्तरही पूर्णच देते. उरलेली टाकून देते. उरलेलीच हवी असेल तर तिरक्या रेघेच्या जागी टक्क्याचं चिन्ह लावायचं. मग एक मिळतो."

"दलाच्या लंगरमध्ये उरलेली पोळी आम्ही कधी टाकली नाही," विश्वासराव एवढंच म्हणाले आणि पुढची ओळ वाचायला लागले.

दुसऱ्या एका दिवशी ओळ आली, एक्स एक बरोबर नऊ. वरच्या ओळीत एक्समध्ये पाच ठेवलेले होते.

"पाचाचं काय झालं?"

"गेले."

"गेले म्हणजे? कुठेतरी असतील ना?"

"नाही, आबा. नवं ठेवलं की जुनं राहत नाही. हवं असेल तर आधीच दुसऱ्या डब्यात काढून ठेवावं लागतं. नाहीतर परत आणता येत नाही."

त्यांनी लॅपटॉप मांडीवरून बाजेवर ठेवला. अंगणात कबुतरं दाणे टिपत होती. मंजिरीला वाटलं, दमले असतील.

"सुलोचनाचं लग्न झालं होतं," विश्वासराव म्हणाले. "तुला माहीत नाही."

मंजिरीला खरोखर माहीत नव्हतं. आत्याच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, कपाळाला कुंकू नव्हतं, कुणी नावही काढलेलं ऐकलं नव्हतं.

"झाशीकडे दिली होती. तेव्हा तिला रात्रीचं कमी दिसायचं. आमच्या वडिलांना ठाऊक होतं. ते म्हणाले, सांगितलं तर पोर घरात राहील, लग्न झाल्यावर बघू. नाही सांगितलं. दोन वर्षांत सासरच्यांना कळलं. त्यांनी तार केली, सामान आणि मुलगी घेऊन जा. मी नुकता भरती झालो होतो, रजा काढून गेलो. झाशी स्टेशनवर बाकावर तिला बसवून ते लोक निघून गेले होते. शेजारी ट्रंक. मी समोर जाऊन उभा राहिलो तर तिनं विचारलं, कोण आहे? मी नाव सांगितलं. तर म्हणाली, विश्वास, मला सांगून तरी पाठवायचं होतं रे. मी तर तिथे संसार मांडत होते."

"मला पुन्हा स्टेशनवर जायचं नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून देवासवाल्यांना सांगितलं."

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगवलं नाही."

"मी इतकी वर्षं तुमच्याशी..." तिचा राग गेला असं म्हणता येणार नाही. एवढ्या वर्षांचा राग, तो असा एका दुपारी कुठे जाणार? आणि देवासचा तो मुलगा, कोण जाणे, सगळं माहीत असूनही हो म्हणाला असता, त्याला विचारायला कुणी गेलंच नाही, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण आत्या बाकावर बसलेली तिला दिसली, तिच्या स्वतःच्या डोळ्यांना आता अंगणही दिसत नव्हतं तरी दिसली. ती उठली, चाचपडत बाजेपाशी गेली आणि वडिलांच्या शेजारी बसली. दोघांत लॅपटॉप होता.

"वाचा," ती थोड्या वेळानं म्हणाली.

"एक्स. एक बरोबर. नऊ," विश्वासराव वाचू लागले.

पुढे एकदा हर्षिता आली तेव्हा मंजिरीनं तिला यंत्रातली बाई चिन्हं गिळते हे सांगितलं. मुलीनं सेटिंगमध्ये जाऊन एक खूण केली आणि बाई सगळी चिन्हं बोलायला लागली. इतकं सोपं होतं ते. त्यानंतर मंजिरी सकाळी आपली कामं यंत्रावर ऐकून करायची, आणि दुपारी वडिलांना म्हणायची, आबा, वाचता का? त्यांना तिनं यातलं काही सांगितलं नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा विश्वासरावांना धाप लागू लागली. दोन चिन्हांच्या मध्ये ते श्वास घ्यायला थांबत. एका दुपारी मंजिरी म्हणाली, "आज राहू द्या, आबा."

"सकाळी ती बाई वाचते," ते म्हणाले. "चिन्हंसुद्धा बोलते. मला ऐकू येतं."

मंजिरी ओशाळली. "मग तुम्ही का वाचता?"

"तू का वाचायला सांगतेस?"

दोघंही हसली. नंतर त्यांनी वाचलंच, थोडंसं, एक पान होईपर्यंत.

जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं उतरलं आणि दिवसचे दिवस ऊन पडेना. विश्वासरावांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांना बोलण्याची ताकद नव्हती, पण मंजिरीचा हात त्यांनी सोडला नाही. नर्स आली की ते हाताला जरा हिसका देत, म्हणजे मंजिरीनं बाजूला व्हावं. डॉक्टर आले की दोनदा. त्या दोन दिवसांत त्यांच्यात एवढंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात त्यांच्या हातातच होता, आणि नर्स येऊनही हिसका बसला नाही. मंजिरी जागची हलली नाही. नर्सनंच तिला खांद्याला धरून उठवलं.

संग्रामसिंह आला, दिवस झाले, आणि तेराव्यानंतर तो तिला इंदूरला घेऊन गेला. तिथे कुणी तिला काही कमी केलं नाही. वहिनी हातात ताट द्यायची, पुतणी कपड्यांचे रंग सांगायची, सोफ्यावर एक जागा तिची म्हणून ठरली. ती पाणी प्यायला उठली तरी तिघं धावायची. काही महिन्यांनी एके सकाळी ती त्या जागेवर शेंगा सोलत बसली होती, आणि एकदम तिचे हात थांबले. वहिनीनं विचारलं, काय झालं, ताई? काही नाही, म्हणाली. संध्याकाळी तिनं भावाला सांगितलं, मला ग्वाल्हेरला सोडून ये. त्यानं खूप समजावलं, रागावला, शेवटी गाडीत बसवून घेऊन आला. वाटेत गुनाला चहा पिताना म्हणाला, "हट्ट आबांचाच घेतलास तू." आणि मग त्यालाच रडू आवरेना.

हर्षिता आता हजीऱ्याच्या एका क्लासमध्ये शिकवते. आठवड्यातून काही दिवस मंजिरीही तिथे जाते. फळ्यावर हर्षिता लिहिते, मुलं मोठ्यानं वाचतात आणि मंजिरी ऐकते. मुलं सराईत आहेत, इंग्रजीत भराभर वाचतात, आणि चूक झाली तर ती तिथल्या तिथे पकडते. पहिल्या तासाला ती आजही तीच गोष्ट समजावते, की उजवीकडचं आधी होतं, डावीकडचं नंतर, आणि आधीचं उरत नाही. समजावताना मध्येच कधीतरी ती थांबते. मुलांना वाटतं, मॅडम पुढचं आठवताहेत. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅम, पुराना वाला सच में कहीं नहीं बचता?" मंजिरी म्हणाली, "नहीं, बेटा. कहीं नहीं बचता." हर्षितानं फळ्यावरून वळून तिच्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

परतीचा टेम्पोवाला ओळखीचा झालाय. तो तिला पुढे आपल्याशेजारी बसवतो आणि माधवगंज आलं की सांगतो. गल्लीतून घरापर्यंत ती भिंतीच्या कडेनं काठी टेकत जाते. कुलूप काढायला तिला वेळ लागत नाही. आता तिला दिव्याचा उजेडही कळत नाही, पण आत आल्यावर ती आधी दिवा लावते. घर अंधारात दिसलं की समोरच्या लीलाताई काळजीनं विचारायला येतात, आणि मग चहा करावा लागतो, बोलावं लागतं. दिवा लागलेला असला की त्या निश्चिंत असतात. बटण दाबून मंजिरी बाजेवर बसते, पायातल्या चपला तशाच, आणि बराच वेळ उठत नाही.